फुटाचा इंच : मोठ्या प्रतिकृती-मोटारींची कथा

मोटारीची प्रतिकृती म्हटली, की मुठीत मावणारे आणि फरशीवर ढकलले की सुर्रकन जाणारे खेळणे आपल्या डोळ्यांसमोर येते. पण या लेखातल्या मोटारी मुठीत मावत नाहीत. त्यांची लांबी हातभर असते. बॉनेट उघडले की आत इंजिन दिसते आणि सुकाणूचक्र फिरवले की पुढची चाके वळतात. त्या तयार मिळत नाहीत. एका मोठ्या खोक्यात शेकडो, कधी हजारांहून अधिक सुटे भाग आणि एक सूचनापुस्तिका मिळते. बाकीचे काम घेणाऱ्याचे. अशी एक मोटार जोडायला महिनोन्‌महिने लागतात.

हा छंद खर्चाचा आहे आणि आपल्या शाळांच्या आवाक्यात तो बसणार नाही. तरीही त्याचा इतिहास शिक्षकांनी वाचावा असा आहे. याचे कारण असे, की या इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : एखादी वस्तू हाताने करताना नेमके शिकतो कोण?

प्रमाण ठरते कसे?

सुरुवात प्रमाणापासून करू. भूगोलाच्या नकाशाला जसे प्रमाण असते, तसेच प्रतिकृतीलाही असते. मोठ्या प्रतिकृती-मोटारींत १/१२ आणि १/८ ही प्रमाणे विशेष रूढ आहेत. दशमान पद्धतीत वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हे आकडे चमत्कारिक वाटतील. १/१० का नाही? उत्तर सोपे आहे. हा छंद इंग्लंड-अमेरिकेत वाढला, तेव्हा तिथली मापे फूट-इंचांची होती. बारा इंचांचा एक फूट, म्हणून खऱ्या गाडीचा एक फूट प्रतिकृतीत एक इंच धरला की प्रमाण १/१२ झाले. फुटाला अर्धा इंच धरला तर १/२४ आणि दीड इंच धरला तर १/८.

सगळीच प्रमाणे मात्र इतकी सरळ आलेली नाहीत. लहान धातूच्या मोटारींचे १/४३ हे प्रमाण खेळण्यातल्या आगगाड्यांकडून आले. त्या आगगाड्यांत फुटाला ७ मिलिमीटर धरत. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. त्याला ७ ने भागून पाहावे, म्हणजे १/४३ चे कोडे सुटेल. रणगाड्यांच्या प्रतिकृतींचे १/३५ हे प्रमाण तर त्याहून गमतीचे आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने मोटारीवर चालणारा एक रणगाडा तयार केला. त्याच्या पोटात बॅटरीचे दोन सेल मावायला हवे होते. सेल मावतील एवढा रणगाडा आखला गेला आणि नंतर भागाकार करून पाहिला, तर प्रमाण सुमारे १/३५ निघाले. पुढे इतर कंपन्यांनीही तेच स्वीकारले. प्रमाणभूत मापे नेहमी विचारपूर्वक ठरतात असे नाही. कधी कधी ती दोन सेलही ठरवून जातात!

लाकूड, पत्रा आणि घोडागाडी

प्लास्टिकचे संच येण्यापूर्वी प्रतिकृती कोऱ्या लाकडातून घडवावी लागे. या काळातला सर्वांत मोठा उपक्रम अमेरिकेत झाला. जनरल मोटर्स कंपनीच्या ‘फिशर बॉडी’ या विभागाने १९३० मध्ये ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’ नावाची स्पर्धा सुरू केली. फिशर बंधू मूळचे घोडागाड्या बांधणाऱ्या घराण्यातले. त्यांच्या कारखान्याचे बोधचिन्हही सम्राट नेपोलियनच्या शाही घोडागाडीवर आधारलेले होते. स्पर्धेत किशोरवयीन मुलांनी याच घोडागाडीची छोटी प्रतिकृती करायची होती.

कंपनी आराखडे पुरवी. पुढचे सगळे मुलाने करायचे. चाकाचे आरे लाकडातून कोरायचे, कमानी धातूच्या पट्टीतून वाकवायच्या, दाराच्या बिजागऱ्या बनवायच्या आणि आतल्या गाद्या शिवायच्या. सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम आणि रंगकाम हे सगळे एकाच वस्तूत येई. पहिल्या क्रमांकाच्या विजेत्यांना विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळे. तो जागतिक मंदीचा काळ होता, हे लक्षात घेतले की या बक्षिसाचे मोल कळते.

१९३७ पासून स्पर्धेत घोडागाडीच्या जोडीला मोटारीही आल्या. येथे एक मोठा फरक पडला. घोडागाडीचा आराखडा ठरलेला होता. मोटारीचा आकार मात्र स्पर्धकाने स्वतः कल्पायचा होता. आधी कागदावर रेखाटने, मग मातीचा नमुना, त्यावरून लाकडात किंवा प्लास्टरमध्ये १/१२ प्रमाणाची मोटार असा तो प्रवास असे. खुद्द जनरल मोटर्सच्या आरेखन विभागातही हार्ली अर्ल यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून मातीच्या नमुन्यांवरच गाड्यांचे आकार ठरवण्याची पद्धत रुजवली होती. म्हणजे घराच्या कोपऱ्यात बसलेला मुलगा नकळत कारखान्यातलीच पद्धत शिकत होता. १९४७ च्या स्पर्धेत पहिला आलेला चक जॉर्डन हा तरुण पुढे जनरल मोटर्समध्ये दाखल झाला आणि १९८६ मध्ये तिथल्या आरेखन विभागाचा प्रमुख झाला. या स्पर्धेतून वाहन-उद्योगात गेलेला तो एकटाच नव्हता.

या उपक्रमात एक मोठी उणीव होती. स्पर्धा फक्त मुलग्यांसाठी होती. मुलींना त्यात प्रवेशच नव्हता. गाद्या शिवणे हे कौशल्य स्पर्धेत चालत होते, पण शिवणकाम जिच्या हातात अधिक मुरलेले होते ती बहीण चालत नव्हती. १९६८ मध्ये ही स्पर्धा बंद झाली.

साचा आला

तोपर्यंत दुकानांत दुसरेच काही मिळू लागले होते. १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ नावाचे प्लास्टिकच्या विमानांचे संच निघाले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक स्वस्तात मिळू लागले आणि चित्र पालटले. पॉलिस्टायरीनचे दाणे तापवून पातळ करतात आणि मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरतात. काही सेकंदांत ते थंड होते आणि साचा उघडला की भागांची अख्खी चौकट बाहेर पडते. साचा तयार करणे फार महाग असते, पण एकदा झाला की त्यातून हजारो प्रती निघतात आणि प्रत्येक प्रत हुबेहूब सारखी असते. छापखान्याने पुस्तकाचे जे केले, तेच साच्याने प्रतिकृतीचे केले.

अमेरिकेत रेव्हेल, मोनोग्रॅम, एएमटी या कंपन्या पुढे आल्या. एएमटीने १९५८ पासून १/२५ प्रमाणाचे असे संच काढले, की एकाच खोक्यातून गाडी तीन वेगवेगळ्या प्रकारे जोडता येई. लाकडातून चाक कोरण्यात ज्या मुलाचे आठवडे जात, त्याला आता चाक तयार मिळू लागले.

चिकटवण्याची रीतही बदलली, आणि ती रसायनशास्त्राच्या तासाला सांगण्याजोगी आहे. लाकडाला लावलेला सरस दोन पृष्ठभागांच्या मध्ये राहून त्यांना धरून ठेवतो. पॉलिस्टायरीनसाठी वापरतात ते द्रव्य मुख्यतः विद्रावक असते. ते दोन्ही भागांचे पृष्ठभाग थोडे विरघळवते, दोन्हीकडचे लांबलचक रेणू एकमेकांत मिसळतात, विद्रावक उडून जातो आणि दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. हा सांधा म्हणजे एक प्रकारचे थंड वेल्डिंगच. या द्रव्याची वाफ मात्र घातक असते. १९६० च्या दशकात अमेरिकेत काही मुले नशेसाठी ती हुंगू लागली. तेव्हा टेस्टर्स या कंपनीने १९६९ मध्ये आपल्या द्रव्यात मोहरीचा झोंबणारा अर्क मिसळला, म्हणजे हुंगणाऱ्याच्या नाकाला तो सहन होऊ नये. शाळेत असे काम करायचे असेल, तर आपली खळ किंवा पांढरा गोंद बरा, हे वेगळे सांगायला नको.

मोठे प्रमाण कशासाठी?

छोटे संच इतके खपत होते, तर मोठे काढायची गरज काय? केवळ हौस? तसे नाही. त्यामागे पदार्थाचा एक हट्ट आहे.

खऱ्या मोटारीचा पत्रा साधारण ०.८ मिलिमीटर जाड असतो. १/२५ प्रमाणात तो ०.०३२ मिलिमीटर व्हायला हवा. इतकी पातळ भिंत साच्यात ओतता येत नाही, कारण प्लास्टिक पुढे सरकण्याआधीच गोठते. शिवाय हाताळताना ती तुटेलच. म्हणून भिंत सुमारे एक मिलिमीटर ठेवावी लागते. आता उलट गणित करा. १/२५ प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीचा २५ मिलिमीटर जाड पत्रा! दार उघडे ठेवले, की ती गाडी चिलखती वाटू लागते. म्हणून छोट्या संचांत दारे बहुधा बंदच असतात. १/८ प्रमाणात तीच भिंत खऱ्या गाडीच्या ८ मिलिमीटरइतकी होते. तीही जाडच, पण डोळ्याला खपते. त्यामुळे दार उघडता येते. दार उघडले की बिजागरी दिसते, म्हणून बिजागरी खरी करावी लागते. आतली आसने दिसतात, म्हणून तीही नीट करावी लागतात. एक गोष्ट दिसू लागली, की पुढची दहा कामे अंगावर येतात.

रंगाचेही असेच आहे. मोटारीवरचा रंगाचा थर साधारण ०.१ मिलिमीटर असतो. प्रतिकृतीवर ब्रशने ०.०५ मिलिमीटरचा थर दिला, तरी १/२४ प्रमाणात तो १.२ मिलिमीटर जाड ठरतो आणि कोरलेल्या बारीक रेषा बुजवून टाकतो. आपण वस्तू लहान करतो, पण रंगाचे कण, प्लास्टिकचे गोठणे आणि आपली बोटे आहेत तशीच राहतात. लहान करण्याला मर्यादा येते ती इथे.

आता वर्ग आणि घन यांचे गणित पाहू. चार मीटरची गाडी १/२५ प्रमाणात १६ सेंटिमीटर होते आणि १/८ प्रमाणात ५० सेंटिमीटर. लांबी सुमारे तिप्पट झाली. पण रंगवायचा पृष्ठभाग जवळजवळ दहापट झाला आणि घनफळ तीसपट. ‘तिप्पट मोठी प्रतिकृती’ म्हणजे तिप्पट काम असे समजणाऱ्याची पहिल्याच आठवड्यात फसगत होते. मोनोग्रॅमने १९६२ मध्ये ‘बिग टी’ ही जुन्या फोर्ड गाडीवर आधारलेली १/८ प्रमाणाची मोटार काढली आणि प्लास्टिक संचांत एवढ्या मोठ्या मोटारींची वाट मोकळी केली.

शिझुओकाची वखार

या कथेचे पुढचे पर्व जपानमधले आहे. शिझुओका हे शहर पूर्वापार लाकूडकामासाठी प्रसिद्ध आहे. १९४६ मध्ये योशिओ तामिया यांनी तिथे लाकडाची वखार सुरू केली. लवकरच त्यांनी लाकडी प्रतिकृतीही करायला घेतल्या. १९५१ मध्ये आग लागून लाकडाचा साठा जळाला आणि १९५३ मध्ये त्यांनी फक्त प्रतिकृतींचाच व्यवसाय ठेवला. पुढे अमेरिकेतून आलेल्या प्लास्टिकच्या संचांपुढे लाकडी जहाजे टिकेनात. १९६० मध्ये तामियांनी ‘यामातो’ या युद्धनौकेचा प्लास्टिक संच काढला. तो किमतीच्या स्पर्धेत मागे पडला आणि कंपनी अडचणीत आली. त्यातून ती सावरली आणि पुढे योशिओंचे चिरंजीव शुनसाकू तामिया (१९३४–२०२५) यांच्या हाती ती जगभर पोचली.

१९६७ मध्ये तामियाने १/१२ प्रमाणाची होंडा आरए२७३ ही शर्यतीची मोटार काढली. खरी आरए२७३ आदल्याच वर्षी इटलीतील मोंझाच्या शर्यतीत उतरली होती. होंडा कंपनीने या कामासाठी आराखडे आणि छायाचित्रे पुरवली. ही गाडी निवडण्यात शहाणपण होते. तिचे इंजिन चालकाच्या पाठीमागे उघडेच असते, त्यामुळे यंत्र लपवायला जागाच नव्हती. तीन लिटरच्या या इंजिनाला बारा सिलिंडर होते. १/१२ प्रमाणात घनफळ १२ × १२ × १२, म्हणजे १७२८ पटींनी कमी होते. तीन लिटरचे झाले सुमारे १.७ मिलिलिटर! एका सिलिंडरच्या वाट्याला पाण्याचे जेमतेम तीन थेंब. विद्यार्थ्यांना घनाचा नियम पटवायला यापेक्षा चांगले उदाहरण शोधावे लागेल.

त्यानंतरची गोष्ट पोर्श ९३४ या मोटारीची. १९७६ मध्ये तिचा १/१२ प्रमाणाचा संच बाजारात आला. त्याच्या तयारीसाठी शुनसाकू तामिया यांनी कारखान्यात आणि छायाचित्रांत मिळेल तेवढी माहिती गोळा केली. तरी समाधान होईना. शेवटी त्यांनी एक खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून टाकली. प्रत्येक भाग मोजला, त्याची छायाचित्रे घेतली. गाडी पुन्हा जोडण्यासाठी मात्र जाणकार तंत्रज्ञांची मदत घ्यावी लागली, असे त्यांनीच सांगितले आहे. या सगळ्यावर झालेला खर्च मोठा होता. त्याच वर्षी कंपनीने याच गाडीचा आकार रेडिओ-नियंत्रित मोटारीवर चढवला आणि त्या मोटारी लाखाहून अधिक खपल्या.

या प्रसंगाकडे थोडे थांबून पाहू या. पोर्शचा संच जोडणाऱ्याने सूचनापुस्तिका वाचली. संच बनवणाऱ्याने गाडीच वाचली. हा भाग असा का आहे, तो कशाला जोडलेला आहे, यातले काय ठेवायचे, काय गाळायचे आणि कोणते दोन भाग एकच करून ओतायचे, हे सगळे निर्णय त्याने घेतले. फिशरच्या स्पर्धेत हे निर्णय पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा घेत असे. साचा आल्यावर ते निर्णय कारखान्यात गेले.

सहज जोडण्याकडे

इटलीच्या पोचेर कंपनीने १९६० च्या दशकापासून १/८ प्रमाणाचे जे संच काढले, त्यांत जोडणाऱ्याच्या वाट्याला पुष्कळ काम उरले होते. १९०७ ची फियाट शर्यतगाडी, अल्फा रोमिओ ८सी आणि रोल्स-रॉइस फँटम २ ही त्यांतली गाजलेली नावे. भाग प्लास्टिकचे, पितळेचे, पोलादाचे, रबराचे आणि चामड्याचे. त्यांची संख्या हजारांत जाई. तारांच्या चाकात प्रत्येक तार हाताने ओवून ताणावी लागे, अगदी सायकलच्या चाकासारखी. ताण सारखा नसेल, तर चाक लचके. भाग नेहमीच नेटके बसत नसत. कानस आणि पॉलिश कागद हाताशी ठेवावाच लागे. या तक्रारीतच त्या संचांचे शिक्षणही होते. न बसणारा भाग का बसत नाही, हे शोधल्याशिवाय पुढे जाता येत नसे.

पुढे पोचेर हे नाव ब्रिटनच्या हॉर्नबी कंपनीकडे गेले आणि २०१३ मध्ये त्याखाली लँबोर्गिनी अव्हेंटाडोर मोटारीचा १/८ प्रमाणाचा संच आला. त्याचे धातूचे भाग रंगवूनच येतात आणि बहुतेक स्क्रूंनी जोडायचे असतात. दर आठवड्याला अंकासोबत काही भाग पाठवून वर्ष-दोन वर्षांत गाडी पुरी करून देणाऱ्या मालिकाही युरोपात निघाल्या. गाडी पूर्वीपेक्षा सुबक होते आणि बिघडण्याची भीतीही कमी झाली आहे. पण बिघडण्याची भीती कमी झाली, तसे निर्णयही कमी झाले.

म्हणून संच वाईट असे म्हणण्याचे कारण नाही. क्लच कुठे असतो, सुकाणूची फिरकी चाकापर्यंत कशी पोचते, हे चित्रावरून न कळलेल्या कित्येकांना ते संच जोडताना कळले. सूचना नीट वाचणे, क्रम पाळणे, सुकेपर्यंत वाट पाहणे, हेही शिक्षणच आहे. पण ते अर्धे शिक्षण आहे. उरलेले अर्धे खोके भरणाऱ्याकडे राहते.

संच विकत न घेता

हे उरलेले अर्धे आपल्या वर्गात आणता येते, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. शाळेबाहेर उभी असलेली ऑटोरिक्षा घ्या. चालकाची परवानगी घेऊन आठवी-नववीच्या मुला-मुलींनी ती टेपने मोजावी. लांबी साधारण २.६ मीटर भरेल, म्हणजे १/१२ प्रमाणात सुमारे २२ सेंटिमीटर. मोजताना पहिला प्रश्न उभा राहील : टप वक्र आहे, तो मोजायचा कसा? दुसरा : आरसा, वायपर, मीटर यांतले काय घ्यायचे? पुठ्ठा एक मिलिमीटर जाड असेल, तर तो खऱ्या रिक्षात किती जाड ठरेल? ज्या भागाला तो चालणार नाही, तिथे कोणता कागद वापरायचा?

एका गटाने पुठ्ठ्याचे भाग आखून, कापून, क्रमांक घालून पाकिटात भरावेत आणि जोडणीच्या सूचना लिहाव्यात. दुसऱ्या गटाने रिक्षा न मोजता केवळ त्या सूचनांवरून ती जोडावी. पहिल्या गटाने तेवढा वेळ मध्ये बोलायचे नाही. कुठे अडले, कोणती सूचना अपुरी पडली, कोणता भाग बसला नाही, हे दुसऱ्या गटाने लिहून द्यावे. पुढच्या आठवड्यात गटांची अदलाबदल करावी. यात मापन आहे, गुणोत्तर आहे, भूमिती आहे आणि भाषेचाही चांगला कस लागतो.

अदलाबदल झाल्यावर दोन्ही गटांना एकच प्रश्न विचारावा : रिक्षाबद्दल तुम्हाला जास्त केव्हा कळले, जोडताना की पाकीट भरताना? उत्तर आपण आधी सांगू नये.